वाक्यवाल्या बाई

बाई वाक्य बोलायला लागल्या की आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरत. खुर्ची असो, बाक असो, नाहीतर आमच्या पडवीतली बाज असो. समोर चित्रांचे कागद मांडून झाले, चष्मा सारखा करून झाला, की हात मांड्यांखाली जायचे आणि मगच तोंड उघडायचं. पहिल्या दिवशी आईने मला आत बोलावून हळूच विचारलं, "बाईंना थंडी वाजते काय रे? शाल देऊ?" एप्रिल महिना होता. पंख्याखाली बसूनही आमच्या पाठी भिजल्या होत्या.

बाईंच्या कानावर ते गेलं असावं. मी बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हात मोकळे राहिले की आधी तेच बोलायला लागतात. मग समोरचा माणूस माझं वाक्य ऐकत नाय, हात बघतो. मला बघायचंय, नुसतं वाक्य अण्णांपर्यंत पोचतं का."

अण्णा म्हणजे माझे वडील. रोहा आणि कोलाडच्या मध्ये आमचं गाव. भात, आणि भातामागून वाल, एवढीच आमची शेती. अण्णांची शाळा सातवीपर्यंत झालेली. पण आसपासच्या वाड्यांत भांडण झालं की माणसं पोलिसांकडे जाण्याआधी आमच्या पडवीत येत. बांध कोणी सरकवला, कोणाचं जनावर कोणाच्या वालात शिरलं, आधी हात कोणी उगारला, हे अण्णा दोन्ही बाजूंकडून सावकाश ऐकून घेत आणि शेवटी चार वाक्यं बोलत. त्या चार वाक्यांवर माणसं उठून घरी जात. कोणी खूश होऊन जाई, कोणी तोंड पाडून. पण अण्णांनी उलटंसुलटं केलं असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

एके दिवशी सकाळी तोंड धुताना त्यांच्या हातातून तांब्या पडला आणि त्यामागून तेही बसले. शेजारच्या हरीने त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, म्हणून गाडी लवकर मिळाली. पेणच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आलो तेव्हा ते काठी धरून चालत होते, डाव्या हाताने जेवत होते, आणि तोंडात पाच-सात शब्द उरले होते. हाय, नाय, पाणी, माझं नाव, हरीचं नाव. आणि 'च्यायला', जो शब्द त्यांनी उभ्या जन्मात आमच्यासमोर उच्चारला नव्हता. तो मात्र अगदी स्वच्छ यायचा.

"बोलता येत नाय, पण त्यांना सगळं कळतं," असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. ते खरंच वाटायचं. चहा घेणार का विचारलं की ते मान डोलवत. गाय व्याली म्हटलं की हसत. कोणाच्या मयताची बातमी सांगितली की डोळे मिटून घेत. आणखी काय कळायचं राहिलं?

बाईंचं नाव दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुचवलं. त्या पेणला रामवाडीत राहायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने रोह्याला यायच्या, तिथले दोन पेशंट बघून दुपारी रिक्षाने आमच्याकडे. पन्नाशीला टेकलेल्या, काळ्यासावळ्या, बारीक अंगाच्या. त्यांच्या कार्डावर स्पीच थेरपिस्ट लिहिलेलं होतं, पण तो शब्द आमच्या गावाच्या जिभेवर बसेना. त्या सारखं "अण्णा, वाक्य ऐका" म्हणायच्या, म्हणून त्या वाक्यवाल्या बाई झाल्या.

चित्रं त्या स्वतः काढायच्या आणि फार वाईट काढायच्या. त्यांची म्हैस शेळीसारखी दिसायची आणि माणसांना मान नसायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी अण्णांसमोर चार-चार कागद मांडले. "माणूस भात कापतो." अण्णांनी बरोबर कागदावर बोट ठेवलं. "बाई पाणी भरते." बरोबर. आई पदराआडून माझ्याकडे बघून हसली. "म्हैस बाईला ढकलते." बरोबर. मग बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "म्हशीला बाई ढकलते." अण्णांनी पुन्हा मघाच्याच कागदावर बोट ठेवलं. म्हैस ढकलतेय आणि बाई पडतेय. दुसरं चित्र शेजारीच होतं. बाईंनी "बरं" म्हणून वहीत खूण केली. मग सासू सुनेला वाढते आणि सासूला सून वाढते, मग मामा भाच्याला उचलतो आणि मामाला भाचा उचलतो. सरळ वाक्य आलं की अण्णा बरोबर, उलटं आलं की हमखास चूक.

मी चिडलो. "बाई, तुमची म्हैस म्हशीसारखी दिसत नाही, त्यात त्यांचा काय दोष?"

"म्हैस त्यांनी ओळखली," बाई शांतपणे म्हणाल्या. "बाई ओळखली. ढकलणंही कळलं. कोणी कोणाला, तेवढं निसटलं."

"पण बाकीचं सगळं तर बरोबर आलं!"

"येणारच. माणूस भात कापतो, हे कळायला व्याकरण लागतच नाय. भात काय माणसाला कापणार हाय? तीन शब्द ऐकले की अर्थ आपोआप जुळतो. तुम्ही घरात बोलता ती निम्मी वाक्यं अशीच असतात. म्हणून तुम्हाला वाटतं, सगळं कळतंय." आणि मग, पुढे वर्षभर मी ज्याच्यावरून त्यांची थट्टा करत आलो ते त्यांचं ठरलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं: "शब्द कळणं वेगळं, वाक्य कळणं वेगळं."

त्या दिवशी निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवून सांगितलं, "इतक्यात त्यांना कोणाच्या भांडणात बसवू नका." मी हो म्हणालो. मनात म्हटलं, ही चार चित्रं काढणारी बाई, हिला आमचे अण्णा काय माहीत!

बाईंबद्दल माझं मत तेव्हा असं होतं. त्या कुठून आल्या हे मला फार उशिरा कळलं, तेही त्यांनी गप्पांच्या ओघात सांगितलं म्हणून. त्या पेणच्या खाडीकडच्या गावातल्या. वडील मिठागरावर कामाला. घरची बोली घेऊन त्या शाळेत गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात गुरुजी वर्गासमोर म्हणाले, तुमच्या बोलण्याला व्याकरण नाही. "घरी जाऊन बापाला विचारलं, बाबा, व्याकरण म्हंजे काय? तो मीठ ओढत होता. म्हणाला, जेच्यामुळं तुझं बोलणं मला कळतं तेच असंल." एवढं सांगून बाई हसल्या. "पुढं मी पुण्यात शिकले, पुस्तकं वाचली. बापाचं चुकीचं होतं असं काय मला आढळलं नाय."

भांडण पंधरा दिवसांत आलंच. उन्हाळी भाताला कालव्याचं पाणी सुटलं होतं आणि पाळीवरून दिनकर आणि रमेश यांची जुंपली. धक्काबुक्कीत रमेश कालव्यात पडला, त्याचं डोकं फुटलं. ढकललं दिनकरने. हरी तिथे होता, त्याने पुढे होऊन दिनकरला मागून आवळून धरलं. पण दिनकर सांगत सुटला की मी नाय, हरीच मध्ये घुसला आणि त्याच्याच धक्क्याने रमेश पडला. संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत आले. "अण्णांना बोलता येत नसलं तरी ऐकता येतं ना," असं कोणीतरी म्हणालं. मला बाईंचं सांगणं आठवलं. तरी मी अण्णांची खुर्ची बाहेर आणून ठेवली. इतक्या महिन्यांनी त्यांची पडवी पुन्हा भरली होती. त्यांनी खुणेने धुतलेला सदरा मागून घेतला.

डोळ्यांनी बघणारे गोविंदकाका होते. माणूस भिडस्त, दिनकर समोर बसलेला, त्याचं नाव थेट घेणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी वाक्य वळवून घेतलं. "अण्णा, मी बघितलंय. हरीनं रमेशला ढकलणाऱ्या माणसाला धरून ठेवलं. हे खरं हाय."

अण्णा थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलला आणि बोट हरीकडे केलं. "हरी," ते म्हणाले. "च्यायला. नाय. नाय!"

 दिनकर उठून उभा राहिला. "झालं! अण्णांनी सांगितलं!" गोविंदकाका म्हणाले, अहो हरी नाय, मी म्हणतो हरी नाय. मीही ओरडलो. दोघं-तिघं एकदम समजावू लागले, आणि अण्णा ज्याच्या-त्याच्याकडे बघून मान डोलवू लागले. दिनकरलाही आणि आम्हालाही.  हरीने चपला पायात सरकवल्या आणि तो निघून गेला. त्यानंतर चार दिवस तो आमच्या अंगणासमोरून गेला तरी मान वर करत नव्हता. मी एकदा हाक मारली, तर म्हणाला, "दादा, सगळ्या गावानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. अण्णांनी म्हटलं."

मंगळवारी बाई आल्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, "काका काय बोलले? जसंच्या तसं सांगा. एक शब्द इकडचा तिकडं नको."

मी सांगितलं. त्यांनी ते वाक्य स्वतःशी दोनदा पुटपुटलं. मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही ऐका. 'हरीनं रमेशला ढकल...' काय दिसलं?"

"हरी रमेशला ढकलतोय."

"...'णाऱ्या माणसाला धरून ठेवलं'. आता?"

मी क्षणभर थांबलो. "आता हरी बाजूला झाला. ढकलणारा दुसराच."

"म्हणजे तुम्हालाही आधी चुकीचंच दिसलं. डोकं वाक्य संपायची वाट बघत नाय. एकेक शब्द कानावर पडतो तसं ते चित्र जुळवत जातं, आणि पुढं फसलंय असं कळलं की मागं जाऊन दुरुस्त करतं. इतक्या झटक्यात की आपल्याला पत्ता लागत नाय. अण्णांचं ते मागं जाणं तुटलंय. ते पहिल्या चित्रापाशी अडकले." त्या अण्णांकडे बघून जरा थांबल्या. "न्याय त्यांनी बरोबरच केला. त्यांना दिसलं त्याचा."

मग त्या अण्णांसमोर बसल्या. त्या दिवशी त्यांनी हात मांड्यांखाली घेतले नाहीत. "अण्णा, आज परीक्षा नाय," त्या म्हणाल्या. "ऐका. दिनकरनं ढकललं." थांबल्या. बोटाने हवेत ढकलल्यासारखं केलं. "रमेश पडला." पुन्हा थांबल्या, चांगल्या लांब, मी मध्ये बोलायला गेलो तर डोळ्यांनी गप्प केलं. "मग हरी आला. हरीनं दिनकरला धरलं." आणि त्यांनी आपलंच एक मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून दाखवलं.

अण्णा त्या मनगटाकडे बघत राहिले. कळल्याची खूण चेहऱ्यावर येताना मी पाहिली, आणि ती पाहवली नाही.  त्यांनी काठी ओढली आणि ते उठले. "अहो, कुठं चाललात उन्हाचं?" आई म्हणाली. बाईंनी तिला थांबवलं आणि छत्री उघडून त्या अण्णांबरोबर निघाल्या. मी मागून.

हरी अंगणात बसून वाल पाखडत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले, डाव्या हाताने काठीवर भार देऊन. "हरी," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "तू... नाय." हरीने सूप खाली ठेवलं. "दिनकर." पुन्हा शांतता. "मी... मी..."

हरीला ते बघवेना. "असू दे अण्णा, कळलं मला, तुम्ही..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्यांचं वाक्य त्यांना बोलू दे."

आम्ही थांबलो. हरीची बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तीही तशीच उभी राहिली.  "मी... चुकलो," अण्णा म्हणाले.

हरीने त्यांना धरून ओट्यावर बसवलं. त्याच्या पायाने सूप कलंडलं, वाल अंगणभर झाले. तो वाकून एकेक दाणा वेचत बसला.

त्याच संध्याकाळी गोविंदकाकांनी चारचौघांत दिनकरचं नाव घेतलं. दिनकर कुरकुरला, पण त्याने आपली पाण्याची पाळी रमेशला दिली.

त्या दुपारी परत जाताना, रस्त्यावर रिक्षाची वाट बघत बाईंनी मला जे सुनावलं ते मी विसरलेलो नाही. "चूक अण्णांची नाय, काकांचीही नाय. तुमची हाय. 'सगळं कळतं' हे तुम्ही सांगत सुटलात. मानासाठी. त्यांच्या मानासाठी का तुमच्या, ते तुम्ही बघा." आवाज चढलेला नव्हता. मी हात करून रिक्षा थांबवली. 

पुढच्या शुक्रवारी त्यांनी पडवीत गाव गोळा केला. औषधाची माहिती असेल म्हणून माणसं आली होती. बाई म्हणाल्या, "अण्णांशी बोलताना करणारा आधी सांगा. एका वाक्यात एकच गोष्ट. जे आधी घडलं ते आधी बोला. आणि बोलून झालं की गप्प राहा. वाक्याला पोचायला वेळ लागतो." आईने विचारलं, "बाई, मी रोज सांगते, जेवल्याशिवाय गोळी घेऊ नका. तरी हे आधी गोळीच मागतात." बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणा, आधी जेवा. मग गोळी." त्या दिवसापासून घरातला तो तंटा मिटला.

अण्णांसाठी मात्र त्यांनी सगळ्यात अवघड धडा ठेवला होता. कळलं नाही तर मान डोलवायची नाही, 'परत' म्हणायचं. तो शब्द यायला तीन आठवडे लागले, आणि यायला लागल्यावरही अण्णा तो वापरेनात. आयुष्यभर लोकांचं ऐकून घेतलेला माणूस, कळलं नाही असं चारचौघांत कसं म्हणेल? बाई मुद्दाम घोळदार वाक्य टाकायच्या. अण्णा मान डोलवायचे. बाई विचारायच्या, "काय कळलं?" अण्णा रागाने तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी चित्रांचे कागदच उधळले. बाईंनी ते गोळा केले, झटकले आणि म्हणाल्या, "राग आला, बरं झालं. आता परत म्हणा." आणि अण्णा तिरिमिरीत म्हणाले, "परत!" त्यानंतर तो शब्द आमच्या घरात रुळला.

दिवाळीपर्यंत म्हैस आणि बाई बहुतेक वेळा आपापल्या जागी पोचू लागल्या. लांब, गुंतलेली वाक्यं कधीच आली नाहीत, आणि ती येतील असं बाईंनी कधी सांगितलंही नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जुना रस्ता वाहून गेला तो गेला. बाजूनं पायवाट पडतेय, तिच्यावर रोज चाला." पडवीत भांडणं पुन्हा येऊ लागली, पण आता दोन्ही बाजूंना आपलं गाऱ्हाणं तुकडे करून, क्रमाने सांगावं लागायचं. गोविंदकाका एकदा म्हणाले, असं सांगताना निम्मं खोटं आपोआप गळून पडतं. मी एका कंपनीत पाळीने कामाला जातो; तिथे शिफ्ट सोपवताना मीही तसंच बोलतो. सोबतचे हसतात, पण माझ्या पाळीत निरोप उलटा गेलेला नाही.

फेब्रुवारीत बाईंनी सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून मला जमणार नाय. कारण सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आईने पोह्याचे पापड बांधून दिले. अण्णा हटून बसले, रोह्याच्या स्टेशनपर्यंत येणार. मी त्यांना रिक्षात घातलं.

गाडीला वेळ होता. आम्ही तिघं फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. अण्णा बाईंकडे वळले आणि शब्द जुळवू लागले. आम्ही दोघं थांबलो. "बाई... घरी... कोण?"

मला लाज वाटली. वर्षभर ही बाई आमच्या घरी येत होती. आईची दाढ कुठली दुखते हे तिला माहीत होतं. आणि आमच्यापैकी कोणी हे विचारलं नव्हतं.

बाई क्षणभर गांगरल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. भराभर, सगळं एका श्वासात, अर्धं त्यांच्या खाडीकडच्या बोलीत. आई बांधावरून येताना पडली, खुब्याचं हाड मोडलं, दोघे भाऊ बाहेरगावी, शेजारीण किती दिवस बघणार, आणि आई रोज विचारते तू येणार कधी. इतकं लांबलचक बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनी डावा हात वर केला.

"परत," ते म्हणाले.

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. "आई हाय," त्या म्हणाल्या. "एकटी हाय... पडली... आता मी तिच्याजवळ राहणार."

अण्णांनी ते सगळं आत जाऊ दिलं. मान डोलवली नाही. पेणकडची गाडी लांबून दिसायला लागली, माणसं सामान उचलू लागली, तरी ते शब्द शोधत होते. बाईही उठल्या नाहीत.

"आईला... सांगा," अण्णा म्हणाले. "अण्णांनी... विचारलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.  गाडी लागली. त्यांनी वाकून अण्णांच्या पायांना हात लावला, पापडांची पिशवी उचलली आणि त्या डब्यात चढल्या. गाडी सुटून फलाटाबाहेर जाईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या, दांडा घट्ट धरून, आमच्याकडे बघत.